खेळाचं समाजशास्त्र आपल्या बेळगाव भागात कुठून बघायला सुरुवात करायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एमए समाजशास्त्राच्या प्रोजेक्टला 'खेळ आणि मोकळ्या हवेतलं फिरणं' हा विषय घेतलायस, नोट्समध्ये प्रकार्यवादी, संघर्षवादी आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावादी असे तीन दृष्टिकोन दिलेत, गाईड म्हणतायत उदाहरणं आपल्या भागातली पाहिजेत, आणि खानापूर-बेळगाव पट्ट्यात नेमकं काय धरायचं ते कळेना झालंय. मी हायस्कूलला पी.टी. शिकवत आलोय, जत्रेच्या कुस्ती मैदानांच्या कमिटीत बसलोय, पोरं घेऊन गड आणि जंगलं हिंडलोय, त्यामुळं पुस्तकाच्या बाजूनं कमी आणि ग्राउंडच्या बाजूनं जास्त सांगतो.

आधी ते तीन दृष्टिकोन उरकून टाकू. पहिला म्हणतो खेळानं माणसं एकत्र येतात, शिस्त लागते, समाज टिकतो. दुसरा विचारतो यात फायदा कुणाचा, जागा कुणाची, पैसा कुणाचा. तिसरा जवळ जाऊन बसतो आणि बघतो की माणसं एकमेकांशी वागतात कशी, कुठल्या खुणेला काय अर्थ देतात. तिन्ही कामाचे आहेत, पण प्रत्येकाला एकेक चॅप्टर आणि शेवटी 'तिन्ही महत्त्वाचे' असं करू नको, तसले प्रोजेक्ट कपाटं भरून पडलेत. एकच प्रश्न हातात धर आणि तो घेऊन सगळीकडं जा: हा खेळायचा, फिरायचा वेळ ह्या माणसाला मिळाला कुठून, आणि त्या वेळात त्याचं काम कोण करतंय? माझं इतक्या वर्षांचं मत असं झालंय की आपल्याकडचा खेळ समजायचा असेल तर स्कोअरबोर्डाआधी हे बघावं लागतं.

सुरुवात एका ग्राउंडपासून कर. गावातल्या हायस्कूलचं असू दे नाहीतर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोसारखं शहरातलं, पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत कोण येतंय कोण जातंय ते वहीत लिहायला लाग. पाचला अंधारात भरतीची पोरं येतात, बूट असले तर ते भावाचे नाहीतर मित्राचे जुने, एकजण मोबाईलची बॅटरी आणि स्टॉपवॉच धरून उभा असतो आणि बाकीचे पळतात. साडेसहाला चालायला येणारे, रिटायर झालेले, दुकानदार, डॉक्टर, बँकवाले. सातच्या पुढं क्रिकेट कोचिंगची मुलं, त्यांना आई स्कूटीवरून सोडते आणि किटबॅग स्वतः उचलून आत नेऊन देते. दहा वाजले की शेळ्या, आणि नाक्यावर काम न मिळालेले गवंडी-बिगारी झाडाखाली येऊन बसतात. चारला शाळेची पोरं. संध्याकाळी साडेपाचला मुली दिसतात, साडेसहाला एकही दिसत नाही, आणि मुलगे मात्र लाईट लावून आठपर्यंत व्हॉलीबॉल खेळत असतात. जागा एकच, पण त्या जागेवर प्रत्येकाचा हक्क घड्याळाप्रमाणं कमीजास्त होतो, हे कुठल्याही बोर्डावर लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना पाठ असतं. हे नुसतं आठवडाभर लिहिलंस तरी तुझा निम्मा डेटा झाला म्हणून समज.

त्यातली पाचची पोरं आधी घे, कारण पुस्तकातल्या 'फावल्या वेळेतला खेळ' ह्या व्याख्येत ती बसतच नाहीत. त्यांना विचार, काय करायलास रे, तर म्हणतात 'ग्राउंड मारायलोय'. आर्मी भरतीत बरीच वर्षं 1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत काढलं की 60 मार्क आणि दहा पुल-अप्स काढल्या की 40, असा हिशोब चालत आला, आणि खानापूर, चंदगड, हुक्केरीकडची पोरं ह्या सेकंदांवर जगतात. पळून झालं की सातला घरी जाऊन दूध काढायचं, डेअरीला घालायचं, मग कुणी कॉलेजला, कुणी उद्यमबागेत फाउंड्रीच्या पाळीला. हा खेळ आहे, व्यायाम आहे, की पगार नसलेली नोकरी आहे? पिअर बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणायचा की कष्टकरी वर्ग शरीराकडं साधन म्हणून बघतो आणि वरचा वर्ग शरीर हेच साध्य मानून ते जपतो. आपल्या ग्राउंडवर हे दीड तासाच्या अंतरानं समोरासमोर दिसतं, पाचला पळणारा नोकरीसाठी पळतो आणि साडेसहाला चालणारा शुगर कमी करायला चालतो, आणि दोघं एकमेकांना रोज बघून पण एकमेकांशी बोलत नाहीत. 2022 पासून भरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांची सेवा आणि त्यातले 25 टक्क्यांपर्यंतच पुढं कायम. तेव्हापासून पहाटेच्या ग्राउंडवरचं बोलणं कसं बदललं, घरच्यांचा हिशोब कसा बदलला, मुलगी देणारे काय विचारतात, हे त्या पोरांकडून काढ. मला वाटतं ह्या एका गोष्टीवरच अख्खा प्रोजेक्ट होतो.

आणि हे आजचं नाही. 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकला मॅरेथॉनमध्ये 19वा आलेला फडेप्पा चौगुले आपल्या बेळगाव जिल्ह्यातला. तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी बघितली आणि पुढाकार घेऊन टीम पाठवली. म्हणजे पळायची ताकद शेतातनं आली, आणि बोटीचं तिकीट निघालं ते मोठ्या माणसाच्या मर्जीवर. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्या रेजिमेंटचा हॉकी गोलकीपर शंकर लक्ष्मण, मूळचा महूचा, बँडमध्ये भरती झालेला मुलगा, ऑलिंपिकची 1956 आणि 1964 ची सुवर्णपदकं आणि मधलं 1960 चं रौप्य त्याच्या नावावर, आणि त्याची शेवटची वर्षं हलाखीची गेली, 2006 ला वारला. टोकियोच्या 1964 च्या त्याच टीममधला बंडू पाटील बेळगावचा. खेळानं माणूस वर येतो असं आपण पोरांना सांगतो, मी पण सांगतो, आणि येतो पण, पण किती वर येतो, किती वर्षं वर राहतो आणि पदकानंतर त्याला धरून कोण ठेवतं हे तपासल्याशिवाय 'सामाजिक गतिशीलता' हा शब्द प्रोजेक्टमध्ये टाकू नको.

आता कुस्ती. ह्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडं सगळ्या गोष्टी येऊन जुळतात त्या इथं.

जत्रेच्या कुस्ती मैदानाचं पत्रक हातात घे, भिंतीवर लागतं ते किंवा आता व्हॉट्सॲपवर फिरतं ते. तो आपल्या भागातला सगळ्यात प्रामाणिक सामाजिक नकाशा आहे. वर देवाचं नाव, मग आमदार-खासदारांचे फोटो, मग साखर कारखान्याचे चेअरमन, मग कमिटी, मग एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, आणि प्रत्येक जोडीखाली 'यांच्या स्मरणार्थ', 'यांच्याकडून'. कुणाचा फोटो केवढा, कुणाचं नाव कुणाच्या वर, कुठलं आडनाव कुठल्या रकमेशी, कुठली गल्ली कुठंच नाही, हे सगळं त्यात आहे. गेल्या काही वर्षांची पत्रकं एका गावातनं गोळा कर, जुनी लोक जपून ठेवतात, आणि शेजारी शेजारी लाव. गावातली सत्ता कशी सरकली ते कुणाची मुलाखत न घेता दिसेल. मैदानाच्या आदल्या दिवशी कमिटीच्या बैठकीत भांडण होतं ते बहुतेक वेळा पैशावरनं होत नाही, एक नंबरची जोड कुणाच्या हस्ते लावायची यावरनं होतं.

मग तालमीत जा, परवानगी काढून जा. आनंदवाडीचा आखाडा आहे, गावोगावी छोट्या तालमी आहेत. हौदातली माती कशी करतात ते बघ, तांबडी माती चाळून घेतात, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवतात, आणि रोज पोरं ती फावड्यानं उकरतात, तोच पहिला व्यायाम. हौदात उतरताना माती कपाळाला लावतात, वस्तादाच्या पाया पडतात. लहान पोरगं मोठ्याला मालीश करतं, मोठा त्याला डाव शिकवतो. हा तिसरा, आंतरक्रियेचा दृष्टिकोन इथं चांगला लागू पडतो, कारण तालमीत मान वयावरनं नाही तर मेहनतीवरनं ठरतो, आणि बाहेर एकमेकांच्या घरी न जेवणारी पोरं हौदात एकमेकांच्या घामात लोळतात. मराठा, लिंगायत, जैन, धनगर, मुसलमान, सगळी पोरं मी एका हौदात बघितलीत. पण लगेच 'कुस्तीत जातपात नाही' असं लिहू नको. तालमीत राहायला कोण येऊ शकतं ते विचार. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, खारीक, अंडी, मटण, महिन्याचा खर्च साध्या घराचं बजेट खाऊन टाकतो. एक भाऊ पैलवान झाला की दुसरा शेत बघतो, आई म्हशी वाढवते, बहिणीचं शिक्षण कधी कधी तिथंच थांबतं. ज्या घरात रानच नाही, म्हैसच नाही, त्या घरातलं पोरगं कितीही अंगापिंडानं असलं तरी पंधरा-सोळाला हौद सोडून सेंट्रिंगच्या कामाला जातं. त्याला कुणी 'जातीमुळं' काढलेलं नसतं, पण कुठल्या वस्तीतली पोरं सुटली आणि कुठली टिकली याची यादी केलीस तर जात आपोआप समोर येते.

जातीचं अजून एक उदाहरण, जरा जुनं पण आपल्या शेजारचं. पालवणकर बाळू, धारवाडला जन्मलेला चांभार समाजातला फिरकी बॉलर, पुण्यात खेळायला लागला तेव्हा ग्राउंडवर त्याची बॉलिंग सगळ्यांना पाहिजे असायची आणि चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मडक्यातनं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेट काढल्या तरी हिंदू टीमची (तेव्हा मुंबईच्या स्पर्धेत धर्मावार टीम असायच्या) कॅप्टनशिप त्याला मिळाली नाही, ती 1923 ला त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाली. ग्राउंडवर बरोबरी आणि पॅव्हेलियनमध्ये शिवाशिव. आज मडकं वेगळं नसतं, पण मॅच संपल्यावरचं जेवण कुणाच्या घरी होतं आणि कोण 'मला काम आहे' म्हणून निघून जातो, तेवढं बघून ठेव.

कुस्तीला पोसतो कोण, हा पण धागा सोडू नको. शाहू महाराजांनी 1912 ला कोल्हापूरला खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा राजा पोसत होता. पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तोवर संस्थान विलीन झालेलं, मग लोकांनी वर्गणी केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले, आणि तिथनं ब्राँझ आलं. त्यानंतर सहकारी साखर कारखाने आले, मानधनावर पैलवान ठेवू लागले. आता त्यात पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि बिल्डर आलेत. राजा, मास्तर, कारखाना, पुढारी, असा आश्रयदाता बदलत गेला, आणि त्याबरोबर पैलवान कुणाच्या शब्दात राहतो ते पण बदलत गेलं. संघर्षवादी दृष्टिकोन म्हणून जे लिहायचंय ते इथं लिही, अमेरिकेतल्या फुटबॉलची उदाहरणं आणून लिहायची गरज नाही.

माती आणि मॅट ह्याच्यावर पण दोन ओळी टाक. नॉर्बर्ट एलियास नावाचा विचारवंत सांगतो की जुने झोंबाझोंबीचे खेळ हळूहळू वेळेत, नियमात, पंचात बांधले गेले आणि त्याचवेळी माणसाचा हिंसा सहन करायचा उंबरठा खाली आला. आपल्या जत्रेत लोकांना निकाली कुस्ती पाहिजे, पाठ मातीला लागली पाहिजे, गुणांवर दिली की अर्धं मैदान ओरडायला लागतं. मॅटवर मात्र तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड आणि गुण. नोकरी मिळते ती मॅटच्या सर्टिफिकेटवर, आणि मान मिळतो तो मातीवर. म्हणून आमची पोरं सकाळी मॅटवर आणि सीझनला मातीवर अशी दोन्हीकडं ओढली जातात, आणि ज्या तालमीला मॅट परवडत नाही तिथली पोरं ह्या शर्यतीत आधीच मागं.

आता सीमेचं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं हे तुला सांगायला नको, घराघरात हा विषय आहे. पण खेळात ती रेघ कुठं लागते ते नीट बघ. मैदानात लागत नाही. कोल्हापूरचा पैलवान इकडं येतो, इकडचा तिकडं जातो, हलगी वाजते, पुकारणारा एक वाक्य मराठीत आणि एक कन्नडात टाकतो, बक्षीस रोख मिळतं आणि रोख पैशाला राज्य नसतं. रेघ लागते ती फॉर्मवर. निपाणीच्या पोराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, त्याचा वस्ताद तिथला, त्याचे पाहुणे तिथले, पण शाळेतनं राज्य पातळीवर निवड झाली तर त्याचं राज्य म्हणजे कर्नाटक, आणि स्पर्धा बेंगळुरू-म्हैसूरकडं लागली की पाचशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास, परिपत्रक कन्नडात, सोबत जाणारे सर शोधायचे, आणि आईवडील कधी त्या शहरात गेलेले नसतात. कर्नाटक केसरीला जायचं की महाराष्ट्राच्या बाजूला कुणाचा पत्ता मिळतो का बघायचं, असली घालमेल मी पैलवानांच्या घरात बसून ऐकलीय. दुसरी बाजू पण लिही, ती लोक टाळतात. कर्नाटकच्या क्रीडा खात्याच्या वसतिगृहात आपली मराठी पोरं आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड पोरं एका खोलीत वाढतात, सहा महिन्यांत एकमेकांची भाषा बोलतात, आणि त्यातनं झालेली दोस्ती पुढं नोकरीत, लग्नकार्यात टिकते. दोन्ही खरं आहे. कुणाला खूश करायला एक बाजू गाळलीस तर तो अभ्यास राहणार नाही.

सीमेचाच अजून एक प्रकार म्हणजे 1 नोव्हेंबरची सायकल फेरी. मराठी माणसं काळा दिवस म्हणून काळे कपडे, काळ्या पट्ट्या लावून सायकल फेरी काढतात, आणि त्याच दिवशी त्याच शहरात चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाचा जल्लोष असतो. सायकल चालवणं हा कुठल्याही व्याख्येनं व्यायाम आणि विरंगुळा, पण त्या दिवशी ती सायकल म्हणजे निषेध. तसंच नवरात्रातली दुर्गामाता दौड, पहाटे पांढरे कपडे, डोक्याला भगवा, गल्ली-गल्लीतनं हजारो माणसं पळतात, पदक नाही, टायमिंग नाही. ह्यात भक्ती किती, ओळख किती, राजकारण किती, आणि सकाळी लवकर उठून मित्रांबरोबर पळायचा साधा आनंद किती, हे त्यात पळणाऱ्यांकडूनच समजून घे, आणि ज्या गल्लीतले लोक दारातनं नुसते बघतात त्यांच्याकडून पण.

बैलगाडी शर्यत घ्यायची असेल तर कायद्याची तारीख पाठ ठेव. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, 2017 मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनी आपापल्या कायद्यात दुरुस्ती केली, पण महाराष्ट्राची शर्यत हायकोर्टात अडकली ती 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं अंतरिम परवानगी देईपर्यंत, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या. मधल्या काळात महाराष्ट्रातले शौकीन बैल टेम्पोत घालून इकडच्या चिकोडी-रायबाग पट्ट्यातल्या शर्यतींना यायचे. ह्यावेळी सीमा लोकांच्या कामाला आली. बैलजोडीला लाखांनी पैसा घालणारा उसाचा शेतकरी बक्षिसाच्या रकमेसाठी हे करत नाही, खर्च कधीच निघत नाही. बालीच्या कोंबड्यांच्या झुंजीवर लिहिताना क्लिफर्ड गीर्ट्झनं हेच म्हटलंय, की पणाला पैसा दिसतो पण लागलेली असते ती इज्जत. मात्र बैलाला काठी-चाबूक बसतो ह्या आक्षेपाला उत्तर न देता पुढं जाऊ नको, तो आक्षेप शहरी लोकांचा म्हणून हलका होत नाही.

मुलींचं मी मुद्दाम वेगळं काढलं. तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश ह्या कुस्तीसारख्या खेळात 52 किलो गटात ब्राँझ घेऊन आली, शेतकरी घरातली मुलगी, आणि ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. पण एका मलप्रभावरनं 'आपल्याकडं मुली पुढं आल्यात' असं लिहू नको. ज्या सुटल्या त्यांना शोध. सातवी-आठवीत शाळेच्या खो-खो, कबड्डीच्या टीममध्ये धावणाऱ्या मुली दहावीनंतर कुठं गेल्या? मी कारणं ऐकत आलोय ती मोठी नसतात. संध्याकाळची शेवटची बस प्रॅक्टिसच्या आधी सुटते. ग्राउंडला संडास नाही, आणि पाळीच्या दिवसात तर विषयच संपला. हाफ पँटवर भावकीतलं कुणीतरी बोलतं. बाहेरगावी मॅचला जायचं तर सोबत लेडी टीचर नाही. आणि घरी भाकरी, भांडी, लहान भावंडं हे संध्याकाळचं काम तिच्या नावावर लिहिलेलंच असतं, त्याच वेळी भाऊ ग्राउंडवर असतो. तू स्वतः मुलगी आहेस, तू विचारशील तर त्या बोलतील, माझ्यासारख्या सरांना त्या 'अभ्यास वाढला सर' एवढंच सांगतात. ज्या आता लग्न होऊन सासरी आहेत त्यांना पण विचार, आता पाय मोकळे करायला कधी बाहेर पडतेस का, आणि पडलीस तर काय निमित्त सांगून पडतेस. शेत, देऊळ, डेअरी, बचत गट, ह्या निमित्तांमध्ये बायकांचं मोकळ्या हवेतलं फिरणं लपलेलं असतं, ते 'करमणूक' ह्या रकान्यात कुणी भरत नाही.

राहिलं ट्रेकिंग. दहा-पंधरा वर्षांत बेळगाव शहरातनं रविवारी बाहेर पडणाऱ्यांचे ग्रुप भरपूर वाढले, येळ्ळूरचा राजहंसगड, चंदगडकडचे महिपालगड आणि कलानिधीगड, पावसाळ्यात खानापूर-जांबोटीचे धबधबे. मला हे आवडतं, मी त्यातलाच आहे, पोरं मोबाईल सोडून चढतात हे चांगलंच आहे. पण जांबोटीच्या पुढं एका पायवाटेवर मी बघितलेलं सांगतो, आमचा ग्रुप रेनकोट, काठ्या, पाठीवर सॅक घेऊन वर चढतोय आणि समोरनं एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, खोळ पांघरून, पायात स्लिपर, खाली उतरतेय. चढ तोच, पाऊस तोच. आमच्यातल्या एकीनं तिचा फोटो काढला, तिनं पदर सारखा केला आणि काही न बोलता पुढं गेली. तिच्या चालण्याला आपण कष्ट म्हणतो आणि आमच्या चालण्याला छंद, आणि दोन्हीत घाम सारखाच येतो. मोकळी हवा हा छंद व्हायला आधी पोटापाण्याचं काम चार भिंतींच्या आत असावं लागतं, ही गोष्ट तुझ्या प्रोजेक्टमध्ये आली पाहिजे.

भीमगड घे त्यातच. 2011 ला तिथं अभयारण्य झालं, बारापेडे गुहेतली दुर्मिळ वटवाघळं, वाघ, म्हादईचं उगमाचं रान, जपायलाच पाहिजे असं जंगल, त्यात दुमत नाही. पण आत गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव अशी गावं आहेत, रस्ता नाही, पावसात ओढे भरले की बाहेर पडता येत नाही. शहरातल्या माणसाला ते 'अनटच्ड नेचर' आणि तिथल्या माणसाला दवाखाना लांब. पावसाळ्यात वन खातं धबधब्यांकडं जायला बंदी घालतं तेव्हा शहरातले ग्रुप हक्क गेल्यासारखे बोलतात, आणि तिथली माणसं वर्षभर परवानग्या मागत असतात. ह्या दोघांच्या मुलाखती शेजारी ठेव.

दिवाळीतले पोरांचे किल्ले पण विसरू नको, दगड-माती गोळा करण्यापासून मोहरी पेरण्यापर्यंत आठवडाभर गल्लीतली पोरं बाहेर असतात, कुणी कोच नाही, फी नाही. नव्या लेआउटमध्ये मातीच नाही म्हणून ते कमी होत चाललंय. ग्राउंडं जाऊन प्लॉट पडले की पैसेवाल्यांची मुलं टर्फवर तासाचे पैसे भरून खेळतात, बाकीची रस्त्यावर.

कामाला लागताना एवढं कर. एकच गाव आणि एकच ग्राउंड किंवा तालीम निवड, अख्खा जिल्हा घेऊ नको. प्रश्न दोन्ही भाषांत तयार ठेव, बैलहोंगल बाजूच्या पोराला मराठीत विचारलंस तर तो हो-नाही वर उरकतो. पोरींचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नको आणि भरतीच्या पोरांची नावं लिहू नको, त्यांच्या पुढच्या फॉर्मला त्रास नको. चाललेल्या कुस्तीत कुणाला प्रश्न विचारू नको, तालमीत दुपारी विसाव्याच्या वेळी जा, तेव्हा वस्ताद निवांत बोलतात. जत्रांचा सीझन सुगी झाल्यावर सुरू होतो आणि पाऊस लागायच्या आत संपतो, त्यामुळं कुस्ती घेणार असशील तर डिसेंबरच्या आत गाव ठरव. कमिटीवाल्यांना पत्रक लागल्या लागल्या गाठ, मैदानादिवशी त्यांना बोलायला सवड नसते, आणि जमाखर्चाची वही बघायला मागायची असेल तर मैदान झाल्यावर हिशोबाच्या बैठकीला जा, ती बहुतेक गावात देवळातच होते आणि गावातल्या कुणालाही बसता येतं. बाई म्हणून बसू देतात का, हे पण तिथंच कळेल, आणि जे होईल ते तसंच लिहून काढ.